पानं भरपूर, फूल नाही

हायड्रेंजियाचं एखादं झाड तब्येतीनं उत्तम असतं. तळहाताएवढी गर्द पानं, कीड नाही, रोग नाही. फूल मात्र वर्षानुवर्षं येत नाही. मग जो तो खत सुचवतो, आणि बहुधा नेमकं तेच नको असतं. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं.

त्याहून मोठं कारण म्हणजे कात्री. मोठ्या पानांचा हा हायड्रेंजिया मूळचा जपानचा. तिथे जूनच्या पावसात कामाकुराच्या मेइगेत्सु-इन मंदिराची वाट निळ्या गुच्छांनी भरून जाते. पण त्या फुलांच्या कळ्या धरलेल्या असतात आदल्या वर्षी, उन्हाळा सरता सरता, जुन्या फांद्यांच्या शेंड्यांवर. हिवाळ्यात पानं झडली की त्या काटक्या अगदी वाळक्या दिसतात. नीटनेटकेपणाची हौस असलेला माणूस त्या छाटतो आणि पुढच्या हंगामाची फुलं केरात जातात. आळसानं बागांचं एवढं नुकसान खचितच केलं नसेल!

आपला गोंधळ होणं साहजिक आहे. मोगऱ्याला नव्या फुटीवर कळ्या येतात, म्हणून थंडी ओसरताना तो छाटायचा, ही सवय हाताला लागलेली. हायड्रेंजियाची छाटणी मात्र बहर संपल्या संपल्या, तीही बेताची. सकाळचं ऊन, दुपारची सावली, मुळाशी ओल हवी.

गुच्छ निळा हवा की गुलाबी, हा मातीच्या आम्लतेचा प्रश्न. पण तो नंतरचा. आधी फूल तर येऊ द्या.