झाकणं आणि सांधणं

॥ श्रीगुरवे नमः ॥



या महिन्यात आमच्याकडे सेवेचा अहवाल लिहायचं काम आलं होतं. अहवाल दोन ओळींत संपतो: प्रार्थना केंद्राची खिडकी गळत होती, ती आता गळत नाही. पण या दोन ओळींच्या मध्ये जे घडलं, त्यातून आम्ही पाचजणी जे शिकलो, ते सगळ्यांना सांगावं असं वाटलं. थोडं लाजत, पण मोकळेपणानं सांगतो.

पेडणे तालुक्यातलं आपलं केंद्र जुन्या चिऱ्याच्या घरात भरतं. हॉलच्या पश्चिमेला ॲल्युमिनियमची मोठी खिडकी आहे. समुद्राकडून वाऱ्यासकट पाऊस आला की चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून पाणी आत यायचं. मे महिन्यात मेस्ताकडून खिडकीभोवतीचं प्लास्टर नवीन करून घेतलं. जाताना तो म्हणाला, "प्लास्टर नीट वाळू दे. दहा-बारा दिवसांनी मी येऊन सिलिकॉन भरतो." हे त्यानं आम्हां पाचजणींनाच सांगितलं होतं, कारण त्या दिवशी सफाईच्या सेवेला आम्हीच होतो.

पाचव्या दिवशी रविवारचा सत्संग होता. डिचोलीची मंडळी पहिल्यांदाच येणार होती. मिरगाच्या तोंडावर मेस्त मिळणं किती कठीण, हे गोंयात वेगळं सांगायला नको. आम्हांला वाटलं, त्यात काय एवढं? केकवर आयसिंग करतो तसंच तर आहे! म्हापशाहून सिलिकॉनची ट्यूब आणि ती दाबायची गन आणली.

आमच्यातल्या दोघी विज्ञानाच्या पदवीधर, पण पहिली दहा मिनिटं ट्यूबमधून काही येईचना. आतला पातळ पडदा खिळ्यानं फोडावा लागतो हे माहीत नव्हतं. मग नळीचं टोक जास्तच कापलं गेलं आणि बोटाएवढी जाड धार आली. खटका सोडला तरी ती थांबेना, कारण दांड्यावरचा दाब सोडायला मागची पट्टी अंगठ्यानं दाबायची असते. एकीच्या साडीला, एकीच्या केसांना लागलं. खूप हसलो. शेवटी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून पट्टी गुळगुळीत केली. पांढरीशुभ्र, सरळ रेघ! फोटो गटावर टाकला. तुम्ही सगळ्यांनी किती कौतुक केलंत, आठवत असेल.

फोटोत दिसलं नाही ते असं. भिंतीला हात लावला तेव्हा ती गार, ओलसर लागली होती. चौकटीला जुन्या सिलिकॉनची काळपट, बुरसलेली पट्टी अजून चिकटून होती. ती खरवडायला दोन तास लागले असते, म्हणून तिच्यावरूनच नवी पट्टी ओढली. एकीनं हळूच विचारलं होतं, "हे चालेल ना?" बाकीच्या म्हणालो, "वरून दिसत नाही ना, झालं!"

मिरग लागल्यावर दुसऱ्याच रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी हॉल उघडला तर खिडकीखाली पाणी, आणि कोपऱ्यात ठेवलेली तबल्याची जोडी भिजलेली. डग्ग्याची पुडी ढिली पडली होती. गटावर बातमी गेली आणि उत्तरं येऊ लागली: "भगिनींनी एवढं सुंदर काम केलं तरी गळतंय, म्हणजे प्लास्टरच कच्चं." "मेस्तानं फसवलं." त्याचे अडीच हजार रुपये द्यायचे राहिले होते, ते अडवून ठेवायचं ठरलं. आम्ही पाचहीजणी ते वाचत होतो. तीन दिवस कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी मेस्त स्वतःच आला. ब्लेडच्या टोकानं त्यानं आमच्या पट्टीचं एक टोक उचललं, तर ती अख्खी शेवयीसारखी सरसर सुटून हातात आली. खाली जुनी काळी पट्टी. त्याला सगळं कळलं. आम्ही मान खाली घालून उभ्या होतो. तो एवढंच म्हणाला, "वयनी, पयलीं पोरनें काडात, मागीर नवें घालात." कुणी केलं हे विचारलं नाही. गटावर त्याचं नाव खराब झालंय हे त्याला ठाऊक होतं, तरी कुणापाशी आमची तक्रार केली नाही.

मग त्यानं समजावलं. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. त्याला हवेतला ओलावा लागतो, त्यानंच ते वाळतं, पण भिंतीवरचा ओलावा चालत नाही. वरची साय पाव तासात धरते, आतलं मात्र दिवसाला दोन-तीन मिलीमीटर एवढंच पक्कं होत जातं. आणि आम्ही आणलेलं, व्हिनेगरसारख्या वासाचं, सिमेंटच्या प्लास्टरला योग्यच नव्हतं. त्यासाठी बिनवासाचं वेगळं मिळतं.

त्या रात्री आम्ही पाचजणी फोनवर बोललो. सत्संगात आपण नेहमी ऐकतो की दुसऱ्याचा दोष झाकावा, आपला उघडा करावा. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. आमचा दोष पांढऱ्या पट्टीखाली झाकला आणि त्याचा नसलेला दोष गटावर उघडा होऊ दिला. जो कधी आपल्या सत्संगाला आला नाही, त्या माणसानं मात्र ती शिकवण उभ्या उभ्या पाळली.

एकीनं शंका काढली, "मग झाकणं नेहमीच वाईट का?" प्रश्न बरोबर होता. तेव्हा डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचं सप्तकोटेश्वर आठवलं. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग लपवून नदीपार नार्व्याला आणलं. पुढे 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. लपवणं तेही होतं, पण त्यात लपवणाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला, आणि वाचवलं ते सगळ्यांचं दैवत. आम्ही लपवलं ते आमचं कौतुक वाचावं म्हणून, आणि किंमत मोजणार होता दुसराच.

तेव्हा आम्हांला एक साधी कसोटी सापडली. एखादी गोष्ट झाकावीशी वाटली की दोन प्रश्न विचारायचे: यात कोण वाचतंय? आणि याची किंमत कोण देतंय? मेस्तानं आमची चूक झाकली, त्यात आम्ही वाचलो आणि किंमत तो देत होता. आमच्या गप्प बसण्यात आम्हीच वाचत होतो आणि किंमतही तोच देत होता. बाहेरून दोन्ही मौनं सारखीच दिसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही गटावर सगळं लिहिलं. एका वडीलधाऱ्या ताईंनी प्रेमानं सांगितलं, "एवढी लहान गोष्ट, कशाला चव्हाट्यावर आणायची? पैसे देऊन टाका, विषय संपला." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मेस्ताला नावं गटावर ठेवली गेली होती, तर ती पुसायचीही गटावरच ना? नुसते पैसे देणं म्हणजे जुन्या पट्टीवर पुन्हा नवी पट्टी. त्याचे अडीच हजार त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन दिले आणि पाचहीजणींनी माफी मागितली. तबल्याच्या पुडीचा खर्च आम्ही वाटून घेतला. तो हसून म्हणाला, उघडीप मिळाली की दाखवतो, तुम्हीच भरा. चार दिवस ऊन पडलं, भिंत सुकली, आणि त्याच्या देखरेखीखाली आम्हीच भरलं. जुनं खरवडायला खरंच दोन तास लागले. भरायला दहा मिनिटं.

घराघरांतही हेच होतं ना? जावा-जावांत, भावा-भावांत जुनं काहीतरी बुरसलेलं असतं. चतुर्थीला सगळे एकत्र येणार म्हणून आपण वरून गोड बोलण्याची पट्टी ओढतो. फोटो छान येतो. पहिल्याच वादळी पावसात ती सुटते आणि मग तिसऱ्याच कुणाला तरी दोष लागतो. खरवडण्याचे दोन तास कुणालाच नको असतात. आणि माफी मागितल्यावरही वरची साय लगेच धरली म्हणून आतलं पक्कं झालं असं समजू नये. त्याला त्याचे दिवस द्यावेत.

या चतुर्थीआधी प्रत्येक कुटुंबानं एकदा तरी शांत बसून एकमेकांना विचारावं: आपल्या गप्प बसण्याची किंमत दुसरं कुणी देतंय का? असेल, तर पहिल्यांदा पोरनें काडात.

आमची खिडकी या आठवड्यातल्या पावसात कोरडी राहिली. पुढचं गुरुकृपेनं 🙏

आपल्या,
सफाई सेवेतल्या पाच भगिनी, पेडणे
॥ जय गुरुदेव ॥