मूळ आवाज कुठे असतो?

म्युनिकच्या ‘हाय एंड’ या ध्वनियंत्रणांच्या प्रदर्शनात टर्नटेबलवाले लगेच ओळखू येत. काखेत तबकड्यांची पिशवी असे आणि खोलीत शिरल्यावर नजर स्पीकरआधी टोनआर्मकडे जाई. मी त्यांच्यातलाच. २००४ ते २०२५ हे प्रदर्शन तिथल्या एमओसी संकुलात भरत असे. बंद दारांच्या खोल्या आणि प्रत्येक खोलीत वेगळी यंत्रणा.

माझ्या पिशवीत गायिका केसरबाई केरकरांची एलपी होती, जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून काढलेली. एका खोलीत ती लावायला दिली. तिथल्या माणसाने ब्रशने धूळ टिपली आणि जेमतेम दोन ग्रॅम भाराची सुई कडेच्या खाचेत टेकवली. आधी खरखर, मग तानपुरा, आणि मग तो खुला, निधडा आकार. शेजारच्या खोलीत तीच तबकडी लावली, तर गळा पुढे आला, तानपुरा मागे सरला. दोन्हीकडे मला एकच सांगितलं गेलं : हाच मूळ आवाज.

हा वाद आपल्या दर्शनांना नवा नाही. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. उच्चाराने तो जन्मत नाही, प्रकट होतो. दिवा घट घडवत नाही, फक्त दाखवतो, तसं. नैयायिकांना हे अमान्य. त्यांच्या मते शब्द आकाशाचा गुण, उपजतो आणि लगेच विरतो. मीमांसकांना अभिप्रेत होते वर्ण आणि त्यामागे वेद. भैरवीच्या ताना नव्हेत. तरीही प्रदर्शनातला प्रत्येक विक्रेता नकळत मीमांसक असतो. खाचेत केसरबाई आहेतच, माझा दिवा अधिक लख्ख, एवढाच त्याचा दावा.

मला नैयायिकांचं पटतं, आणि त्यांच्या एका बारीक मुद्द्यासाठी पटतं. लाटेतून लाट उठावी तसा शब्दातून शब्द उपजत जातो. कानाशी पोचतो तो या मालिकेतला शेवटचा, पहिला नव्हे. म्हणजे मैफलीत पहिल्या रांगेत बसलेल्यानेही केसरबाईंच्या कंठात उपजलेला शब्द ऐकला नाही, त्याचा वंशज ऐकला. मूळ आवाज कुणाच्याच हाती कधी लागलेला नाही.

आक्षेप उघड आहे. तबकडीत ही मालिका तुटते, कारण खाच मुकी असते. इथे नैयायिकांचीच संस्काराची कल्पना कामी येते. अनुभव सरतो, आत्म्यावर संस्कार उरतो. उद्बोधक, म्हणजे त्याला जागवणारं निमित्त, मिळाला की त्यातून स्मृती उपजते. संस्कार म्हणजे अनुभव नव्हे, पण त्याच्यावाचून स्मृती नाही. आत्म्याचा गुण व्हिनाइलला लावणं शास्त्राला धरून नाही, हे मी जाणतो. पण खाच आणि सुई यांचं नातं मला याहून नेमकं सांगता येत नाही.

केसरबाईंचीच एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी मुलाम्याच्या तबकडीतून अंतराळात गेली. सोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवली आहे. पाठवणाऱ्यांनी दर्शनं वाचली असोत वा नसोत, त्यांना हे उमगलं होतं की नुसता संस्कार पुरत नाही, उद्बोधक लागतो. त्या तबकडीत आज गाणं नाही. गाण्याची शक्यता आहे.

मग एवढ्या यंत्रांचा खटाटोप कशाला? शब्द दरवेळी नव्याने उपजतो, म्हणूनच. बोथट सुई खाच खरवडते आणि पुढच्या जन्माचं कारणच बिघडवते. खुद्द गाणंही असंच चालत आलं : अल्लादियाखाँसाहेबांनी केसरबाईंना वर्षानुवर्षं तालीम दिली, आणि त्यांच्या कंठातून जे आलं ते खाँसाहेबांची नक्कल नव्हतं. परंपरेत मूळ जपून ठेवता येत नाही. पुढची कडी निर्मळ ठेवता येते. माझ्या घरापुरती शेवटची कडी मी आहे. सुई स्वच्छ ठेवणं आणि तबकडी वाजत असताना दुसरं काही न करणं, हा माझा धर्म मी त्यातून ठरवला आहे.