शिकविणाऱ्याचे शिकणे

गेल्या हिवाळ्यातील एक रात्र. इशाची नमाज आटोपली, मुसल्ली घरोघरी गेले, तरी एक गृहस्थ पहिल्या सफमध्ये बसून राहिले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक मराठी शाळेत ते 26 वर्षांपासून शिकवितात. वयाने मला वडीलधारे. थोड्या वेळाने म्हणाले, "मौलाना, ज्या मुलाला मी बाराखडी गिरवायला शिकविले, तो आता डी.एड. होऊन टीईटीला बसतो आहे. त्याच्या शेजारच्या बाकावर मीही बसायचे. मग माझ्या 26 वर्षांचे मोल काय?"

त्यांच्या दुःखाचे कारण वाचकांना ठाऊक असेल. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निर्णय दिला. शिक्षणहक्क कायदा लागू होण्यापूर्वी नेमलेल्या आणि सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे त्यामुळे आवश्यक ठरले. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांना सूट मिळाली, परंतु बढती हवी असेल तर परीक्षा त्यांनाही चुकत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न अधिक मोठ्या खंडपीठाच्या विचारार्थ सोपविण्यात आला.

कायद्याची बाजू कायदेपंडित पाहतील. परंतु सरांच्या प्रश्नाच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे: अनुभव माणसाला शिकण्याच्या जबाबदारीतून मुक्त करतो काय? आणि अनुभवी माणसास पुन्हा शिकावयास सांगणे हा त्याचा अवमान होय काय?

दिव्य कुरआनात ह. मूसा (अ.) यांचा वृत्तान्त सविस्तर आला आहे (सूरह कहफ, आयत 60 ते 82). ते महान पैगंबर होते, अल्लाहशी संभाषणाचा बहुमान त्यांना लाभला होता. सहीह बुखारीतील हदीसनुसार, सर्वांत अधिक ज्ञानी कोण, असे लोकांनी विचारले असता त्यांनी "मी" असे उत्तर दिले. तेव्हा दोन समुद्रांच्या संगमावर तुमच्याहून अधिक जाणणारा एक दास आहे, असे अल्लाहने त्यांस कळविले. ह. मूसा (अ.) रुसले नाहीत, आपल्या सेवेची वर्षेही त्यांनी मोजून दाखविली नाहीत. शिदोरी घेऊन ते निघाले आणि भेट होताच त्यांनी शिकण्यासाठी सोबत येण्याची परवानगी मागितली. शिवाय अंतिम पैगंबर मुहम्मद (स.) यांनाही ज्ञानात वाढ होण्याची प्रार्थना करण्याचा आदेश आहे (सूरह ताहा, आयत 114). ज्यांच्यावर वह्य उतरत होती त्यांनाच जर ज्ञानाची वाढ मागावयास सांगितले गेले, तर आपल्यापैकी कोणाचे ज्ञान पूर्ण झाले म्हणावे?

सहाबांचे जीवनही याची साक्ष देते. ह. उमर (र.) मदीनेच्या वरच्या भागात, अवालीत राहत. पोटापाण्याच्या उद्योगामुळे रोज पैगंबरांच्या (स.) सेवेत येणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी आपल्या एका अन्सारी शेजाऱ्याशी पाळी ठरविली. एके दिवशी ते जात, दुसऱ्या दिवशी शेजारी जाई, आणि जो जाई तो दिवसभरातील शिकवण दुसऱ्यास सांगे. याच ह. उमर (र.) यांनी पुढे उपदेश केला की नेतृत्व अंगावर येण्यापूर्वी समज मिळवून घ्या. इमाम बुखारी यांनी हे वचन नोंदवून त्यास आपली पुस्ती जोडली की नेतृत्व मिळाल्यानंतरही शिकत राहा, कारण पैगंबरांचे (स.) साथीदार मोठ्या वयातही शिकले. ह. जाबिर (र.) हे स्वतः असंख्य हदीसींचे निवेदक, तरी एकाच हदीसीसाठी त्यांनी महिनाभराचा प्रवास केला. इमाम शाफई बगदादमध्ये नामांकित आचार्य होते. इजिप्तमध्ये गेल्यावर त्यांनी आपल्या अनेक मतांचा फेरविचार केला. त्यांची 'कदीम' आणि 'जदीद' अशी दोन्ही मते फिक्हचे ग्रंथ आजही नोंदवितात. आपलेच जुने मत सोडल्यामुळे त्यांची थोरवी उणावली नाही.

हे सारे मी सरांना सांगू शकलो असतो. परंतु बोलण्यापूर्वी मला माझीच एक गोष्ट आठवली, आणि ती सरांशी संबंधित होती.

काही वर्षांपूर्वी माझ्या मकतबमध्ये एक मुलगा येत असे. अरबी अक्षरे सुटी दाखविली की तो अचूक ओळखी, पण शब्दात जोडलेली आली की अडखळे. मी त्यास आळशी ठरविले, वारंवार रागावलो. एके दिवशी सर तेथे बसले होते. ते हळूच म्हणाले, "हा शाळेत मराठी वाचतो. मराठीत 'ब' कुठेही आला तरी बहुतेक 'ब'च दिसतो. तुमचा 'बा' शब्दाच्या आरंभी वेगळा, मध्ये वेगळा, शेवटी वेगळा. त्याच्या दृष्टीने ती तीन नवी अक्षरे आहेत. तिन्ही रूपे शेजारी शेजारी लिहून दाखवा ना."

माझ्या मनात प्रथम काय आले ते सांगावयास लाज वाटते. ज्यांना तजवीद ठाऊक नाही त्यांनी मला कायदा शिकविण्याची रीत सांगावी? महिनाभर मी ती सूचना मनावर घेतली नाही. घेतली तेव्हा इतर मुले भराभर वाचू लागली. तो मुलगा मात्र तोवर मकतब सोडून गेला होता. मदरशाने मला ज्ञान दिले होते. समोरच्या मुलाला ते कोठे अडते, हे शोधण्याची विद्या मी मिळविलीच नव्हती. शिकविण्याची वर्षे मी अनुभव म्हणून मोजीत होतो, आणि त्यांतील बराच भाग एकाच वर्षाची पुनरावृत्ती होता.

मराठीत 'शिकविणे' हे 'शिकणे'चेच प्रयोजक रूप आहे. मूळ धातू गाळला तर 'शिकविणे' उरतच नाही. अरबीत 'अलिमा' म्हणजे त्याने जाणले. मधले अक्षर दुप्पट केले की 'अल्लमा', म्हणजे त्याने शिकविले. दोन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात: शिकविणे शिकण्याच्याच पोटी जन्मते.

मी सरांना त्या मुलाची आठवण दिली. ते स्तब्ध झाले. मग म्हणाले, "शिकायची मला लाज नाही, मौलाना. पण प्रशिक्षणाला गेलो की हजेरीची सही, तेच भाषण, तेच चहापान. माझ्या वर्गात काय अडते, हे मला कोणी विचारत नाही. आणि ही परीक्षा, 150 प्रश्नांची. मी मुलाला कसे शिकवितो हे तिला कसे दिसणार?"

या म्हणण्यातही सत्य आहे, आणि न्याय दोन्ही बाजूंनी असावा लागतो. आपल्या राज्यात 12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतर निवड श्रेणी मिळविण्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. तास मोजता येतात, नियत मोजता येत नाही. सहीह बुखारीचा आरंभ ज्या हदीसीने होतो ती सांगते की कर्मांचे फळ हेतूवर अवलंबून आहे. वेतनश्रेणीसाठी घेतलेले प्रशिक्षण वेतनश्रेणी देईल. वेतन हा शिक्षकाचा हक्कच आहे, त्यात गैर काही नाही. परंतु वर्गातील मुलाच्या वाट्याला त्यातून काय येणार, हे हेतूच ठरवील.

प्रशिक्षण देणाऱ्यांसाठीही कहफच्या त्या वृत्तान्तात धडा आहे. ह. खिज्र (अ.) यांनी अटी घातल्या, कठोरपणेही वागले, परंतु निरोप घेण्यापूर्वी प्रत्येक कृतीचे कारण उलगडून सांगितले. शिष्याला कोड्यात ठेवून ते निघून गेले नाहीत. जे अनुभवी शिक्षकांना पुन्हा शिकावयास बोलावितात, त्यांच्यावर हे ऋण आहे की त्यांच्या अडचणी ऐकाव्यात, कारणे सांगावीत आणि पांढऱ्या केसांचा आदर राखावा. परीक्षा हे शिकण्याचे एक दार असू शकते. दारालाच घर समजण्याची चूक कोणीही करू नये.

तरीही दुसऱ्याने आपले कर्तव्य केले नाही म्हणून आपले कर्तव्य टळत नाही. विद्यार्थी ही अमानत आहे. यंदा पहिलीत आलेल्या मुलाचा शिक्षकावर जो हक्क आहे, तो 26 वर्षांपूर्वी आलेल्या मुलाच्या हक्काहून तसूभरही कमी नाही. शिक्षकाची सेवा जुनी होते, मूल मात्र दरवर्षी नवे असते. परीक्षा नियमाच्या पालनासाठी द्यावी. शिकणे मात्र त्या मुलाच्या हक्कासाठी आणि अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी असावे. मग शेजारच्या बाकावर आपलाच विद्यार्थी बसला असेल, तर त्यात अवमान कसला? आपण शिकविलेले मूल तेथवर पोहोचले, ही तर कृतज्ञतेची गोष्ट.

त्या रात्रीनंतर सर इशा झाल्यावर मशिदीतच अभ्यासास बसू लागले. बालमानसशास्त्राचे एक प्रकरण ते संपवितात आणि पुस्तक माझ्याकडे सरकवितात. ह. उमर (र.) आणि त्यांच्या शेजाऱ्यासारखी आम्हीही पाळी धरली आहे.

अल्लाह आपल्या शिक्षकांना शिकण्याची नम्रता, त्यांना शिकविणाऱ्यांना न्यायबुद्धी आणि आपणां सर्वांना ज्ञानात वाढ देवो. आमीन.