नकळत गळणाऱ्या पाण्याचा दोष कुणाला?

वैनगंगेच्या काठी राहणाऱ्याला पाणी जपून वापरा म्हणून सांगायला जावं, तर जीभ जरा अडखळते. भंडाऱ्याची ओळखच तलावांचा जिल्हा अशी. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले तलाव इथे गावोगाव आहेत. पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तर वैनगंगेचं पाणी भंडारा शहरातल्या घरांत शिरलं होतं. अशा मुलखात एखाद्या घराचा नळ ठिबकला, तर त्याने असं काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल.

ठिबकणारा नळ निदान दिसतो. वॉशर बदलला की काम झालं. खरी अडचण न दिसणाऱ्या गळतीची आहे. फरशीखाली जोड सैल झालेला असतो, भिंतीतल्या एल्बोला बारीक चीर गेलेली असते, फ्लशच्या टाकीतलं पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहतं. घरातल्या माणसांना त्याचा पत्ता नसतो. तीन-चार महिन्यांनी भिंतीला पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशी धरते, तेव्हा कुठे कळतं. मधल्या काळात वाया गेलेल्या पाण्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा? ज्याला ठाऊकच नव्हतं, त्याला दोषी कसं म्हणायचं?

हा प्रश्न नळ नव्हते तेव्हापासूनचा आहे, आणि भंडारा जिल्ह्यात तो विचारायला चांगली जागाही आहे. पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली इसवी सनापूर्वीचा भव्य बौद्ध स्तूप निघाला. म्हणजे आज जिथे धानाची पोती ट्रॅक्टरमधून जातात, त्या गावात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंचा राबता होता. पाणी गाळून पिणं हा त्यांच्या रोजच्या शिस्तीचा भाग होता.

बौद्ध विचारात कर्म ठरतं ते चेतनेवरून, म्हणजे मनातल्या हेतूवरून. जैनांना हे पटलं नाही. सूत्रकृतांग या आगमग्रंथात या मताची चांगलीच खरडपट्टी काढली आहे: पेंडीचा गोळा समजून कुणी माणूस भाजला तर तुमच्या मते तो निर्दोष, आणि माणूस समजून पेंड भाजली तर मात्र खुनी! जैनांनी स्वतःचं उत्तर प्रमादाशी जोडलं. गाफील वागणं हेच हिंसेचं मूळ. नीट बघून, जपून चालणाऱ्याच्या पायाखाली एखादा जीव अवचित आला, तर त्याला हिंसेचा बंध नाही. बेफिकीर चालणाऱ्याकडून कुणी मेलं नाही, तरी तो दोषातून सुटत नाही.

बौद्धांनीही अज्ञानाला मोकळं सोडलेलं नाही. मिलिंद राजा नागसेन या भिक्षूला विचारतो की, जाणून पाप करणाऱ्याचा दोष मोठा की नकळत करणाऱ्याचा? नकळत करणाऱ्याचा, असं नागसेन सांगतो. लोखंडी गोळा तापलेला आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचाच हात तो धरताना जास्त पोळतो. राजाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. आजच्या वाचकालाही ते कठोर वाटेल.

पण या वादातला सगळ्यात उपयोगाचा धागा विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या, एका साध्या कलमात सापडतो. जीवजंतू असलेलं पाणी भिक्षूने जाणूनबुजून गवतावर किंवा मातीवर ओतलं, तर तो दोषी. नियमात जाणूनबुजून ही अट स्पष्ट आहे. मग डोळे मिटून ओतलं की सुटका? तशी पळवाट राहू नये असंच जणू भिक्षूच्या मोजक्या आठ वस्तूंत पाण्याचं गाळणं घातलेलं आहे. दोष जाणिवेवर ठरवायचा, आणि जाणून घेण्याचं साधन त्याच माणसाच्या हातात द्यायचं. गाळणं जवळ असताना जो पाणी गाळत नाही, त्याने मला दिसलं नाही असं कोणत्या तोंडाने म्हणावं?

घराच्या पाण्याला ते साधन आहे. त्याला खर्चही येत नाही. नळाला मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करायचे, वॉशिंग मशीन, कूलर, फ्लश यांची जोडणी बंद करायची आणि मीटरवरचा आकडा कागदावर लिहायचा. दोन तास कुणी पाणी वापरायचं नाही. आकडा पुढे सरकला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. बऱ्याच मीटरवर लहानशी चांदणी किंवा त्रिकोण असतो. अगदी बारीक धारेनेही तो फिरतो. मग एकेक कॉक बंद करत जायचं: आधी स्वयंपाकघर, मग न्हाणीघर, मग गच्चीकडे जाणारी लाइन. जो कॉक बंद केल्यावर चांदणी थांबते, त्याच्या पुढे गळती आहे.

मीटर नसलेल्या, बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात हेच काम गच्चीवरच्या टाकीत होतं. रात्री सगळं निजानीज झाल्यावर टाकीत काठी उभी धरून ओली खूण टिपायची आणि पहाटे कुणी नळ सोडण्याआधी पुन्हा मोजायचं. हजार लिटरची गोल टाकी साधारण एक मीटर रुंद असते. तिच्यात पाणी एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे आठेक लिटर गेलं. रातोरात तीन सेंटिमीटर उतरलं तर चोवीस लिटर. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्या मापाने एका माणसाच्या वाट्यातलं जवळजवळ अर्धं पाणी एका रात्रीत भिंतीने प्यायलं. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटं वाट पाहावी. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर आतला रबर गेलेला आहे. आणि जुना प्लंबर रात्री लोखंडी सळईचं एक टोक पाइपवर आणि दुसरं कानाच्या हाडाशी टेकवतो. रस्ता शांत असतो, पाण्याला दाब असतो, आणि जमिनीखालचा सुस्कारा त्याला ऐकू येतो.

इथवर बोलणं काटकसरीचं झालं. पण गळती नुसती पाणी बाहेर सोडत नाही, ती घाण आतही घेते. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी ठरावीक वेळीच येतं. नळ गेला की पाइपातला दाब पडतो. रस्त्यावरून घरात येणारा पाइप पुष्कळदा नालीतून किंवा नालीला खेटून गेलेला असतो. ज्या भोकातून सकाळी स्वच्छ पाणी बाहेर पडत होतं, त्याच भोकातून दुपारी नालीचं पाणी आत ओढलं जातं, आणि ते मुख्य लाइनीत उतरलं तर शेजारच्या घरीही पोचतं. पहिल्या धारेला वास आला, ती गढूळ निघाली, की बाई ती धार अंगणात सोडून देते आणि मागचं पाणी भरते. कावीळ आणि हगवण याच वाटेने येतात. म्हणून आपलं पाणी, आपलं बिल, आपण बघू, हा हिशेब इथे टिकत नाही. ज्या भोकाची घरमालकाला कल्पना नाही, त्याने शेजारचं लेकरू आजारी पडू शकतं. प्रमाद हीच हिंसा, हे जैनांचं म्हणणं एरवी टोकाचं वाटतं. नालीतून गेलेल्या नळासमोर उभं राहिलं की ते अक्षरशः खरं ठरतं.

बघायचं कुणी, हेही ठरलेलं असावं लागतं. मातीच्या तलावाची पाळ थोडी पाझरतेच. पाझर नितळ असला तर फारशी काळजी नसते. गढूळ झाला तर उंदरा-खेकड्यांच्या बिळांतून पाळीची माती आतून वाहून चालली आहे, असं समजायचं आणि तातडीने धावायचं. हे बघायला पाळीवरून फिरणारा माणूस हवा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. जमीनदारी संपली ते योग्यच झालं. पण पाळीवरून फिरण्याचं काम नेमकं कुणाचं, हे बहुतेक गावांत अधांतरी राहिलं, आणि कितीतरी तलाव गाळाने भरले. भाड्याच्या घरात तेच होतं. भाडेकरू म्हणतो घर मालकाचं, मालक म्हणतो पाणी भाडेकरू वापरतो. अज्ञान असं दोघांत वाटून घेतलं की ते कुणाचंच राहत नाही.

आबिद सुरती या लेखक-व्यंगचित्रकाराने हे कोडं सरळ सोडवलं. २००७ पासून मिरा रोडच्या इमारतींत ते रविवारी प्लंबरला घेऊन दारोदार जाऊ लागले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. नळ कुणाचा, हे विचारत बसले नाहीत. आणि पाणी भरपूर असलं तरी हे लागू पडतंच: वाहत्या नदीच्या काठी वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, करतानाही पाणी उधळू नये, अशी शिकवण हदीसच्या परंपरेत आहे. मुबलकतेने जबाबदारी कमी होत नाही, असाच तिचा अर्थ. वैनगंगेच्या काठी ती मुद्दाम आठवावी अशी आहे.

मात्र ही जबाबदारी सगळ्यांवर सारखी नाही. सार्वजनिक नळाला तोटीच नसेल, तर रांगेत उभ्या असलेल्या बाईला पाण्याच्या नासाडीवर प्रवचन देणं अन्याय आहे. तिच्या हातात साधन नाही. ज्याच्या घरात मीटर, टाकी आणि मेन कॉक आहे, त्याच्या हातात आहे.

नकळत घडलेले दोष आपणहून समोर येत नाहीत, म्हणून धर्मांनी ते शोधायला दिवस नेमले. भिक्षू दर पंधरवड्याला उपोसथाला एकत्र जमून नियमांचं पठण करतात. जैन प्रतिक्रमणात जाणते-अजाणतेपणी झालेल्या दोषांची क्षमा मागतात. भंडाऱ्यातल्या अनेक बौद्ध घरांत पौर्णिमा पाळली जातेच. त्याच रात्री टाकीत काठी धरली, तर तारीख वेगळी लक्षात ठेवायला नको.

आणि चांदणी फिरताना दिसली, की बौद्ध-जैनांचा वाद तिथेच मिटतो. यापुढे गळणारं पाणी दोघांच्याही मते जाणूनबुजून गळतं. प्लंबर चार दिवसांनी येणार असेल तर तोवर मेन कॉक बंद ठेवून लागेल तेवढंच पाणी भरून घ्यावं, आणि बिघाड रस्त्याकडच्या जोडणीत असेल तर नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात किंवा ग्रामपंचायतीत त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.