नानाजींनी नेमके काय सोडले?

निवडणूक सहा महिन्यांवर आली की हिंगोलीच्या चौकाचौकांत फलक उगवतात आणि फोटोखाली एकच पदवी असते: सामाजिक कार्यकर्ते. रुग्णवाहिकेचे लोकार्पण, नेत्रतपासणी शिबिर, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, टँकरवरही फोटो. भाषणात ‘ऐंशी टक्के समाजकारण, वीस टक्के राजकारण’ हे शिवसेनेने रूढ केलेले गणित, जे आता सगळ्याच पक्षांच्या तोंडी आहे. तिकीट कापले गेले की हाच माणूस राजकारणातून संन्यास जाहीर करतो आणि अर्ज मागे घ्यायच्या मुदतीपर्यंत तो संन्यास विधान परिषदेच्या आश्वासनावर मिटतो. एवढ्यावर भागले असते तर लिहायचे कारण नव्हते. पण 2019 साली नानाजी देशमुखांना भारतरत्न मिळाल्यापासून या पोशाखी वैराग्याला त्यांचे नाव टाचले जाते. नानाजी याच जिल्ह्यातल्या कडोळीचे, मंत्रिपद नाकारणारे, खासदारकीनंतर खेड्यात जाऊन राहिलेले. तेव्हा राजकारण हलके आणि समाजकारण पवित्र, हे आपल्या मातीनेच शिकवले, असा सूर लागतो. नानाजींनी असे काही शिकवले नव्हते, असे माझे म्हणणे आहे. त्यांच्या 1978च्या निर्णयाचे वाचनच मुळात चुकले आहे.

राजकारण आणि समाजकारण यांतला वाद आपल्याकडे जुनाच आहे. टिळक-आगरकरांचा वाद, 1895च्या पुणे काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरू द्यायची की नाही यावरून उठलेले वादळ, हे शाळेपासून वाचलेले. तिथे भांडण आधी काय आणि नंतर काय, याचे होते. दोहोंपैकी एक अस्पृश्य आहे, असे कोणी म्हणत नव्हते. गांधींनी विधायक कार्यक्रम आणि सत्याग्रह एकाच माणसाकडून करून घेतले. 29 जानेवारी 1948च्या मसुद्यात त्यांनी काँग्रेस विसर्जित करून लोकसेवक संघ काढायला सांगितले, तेव्हा प्रथमच सत्ता एका बाजूला आणि सेवा दुसऱ्या बाजूला अशी रेघ उमटली. विनोबांनी ती ठळक केली. जयप्रकाशांनी 1954मध्ये बोधगयेला जीवनदान जाहीर करून पक्षीय राजकारणाकडे पाठ फिरवली आणि वीस वर्षांनी बिहारच्या रस्त्यावर येऊन ती रेघ स्वतःच पुसली. मराठवाड्यात तर ती कधी नीट उमटलीच नाही. स्वामी रामानंद तीर्थ खरेखुरे संन्यासी, भगव्या वस्त्रातले. तरी हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व करून ते 1952 आणि 1957 अशा दोन्ही लोकसभांत निवडून गेले. संन्यास घेतलेला माणूस राजकारणात उतरला याचे इथे कोणाला नवल वाटले नाही. आज राजकारणातला माणूस संन्यासाची भाषा करतो, त्याचे मात्र कौतुक होते.

आता 1978. प्रचलित कथा अशी: नानाजी बलरामपूरहून निवडून आले, मोरारजींनी मंत्रिपद देऊ केले, त्यांनी नाकारले, सत्तेचा वीट आला, साठीनंतर राजकारण सोडावे असे म्हणत ते गोंड्याच्या खेड्यांत निघून गेले. तपशील खरे आहेत, पण ते सोयीच्या क्रमाने लावले आहेत. नानाजी तेव्हा कोणी भाबडे समाजसेवक नव्हते. जनसंघाची उत्तर प्रदेशातली बांधणी त्यांची. 1967 साली तिथे काँग्रेस फुटून चरणसिंगांचे संयुक्त सरकार आले, त्या जुळवाजुळवीत त्यांचा हात होता. 4 नोव्हेंबर 1974ला पाटण्यात जयप्रकाशांवर येणारी लाठी त्यांनी हातावर झेलली, हात मोडला. आणीबाणी लागली तेव्हा ते लोकसंघर्ष समितीचे सचिव होते. 1978 साली सत्तेवर असलेल्या जनता पक्षाचे सरचिटणीस. अशा माणसाचे निवेदन देवघरातून येत नाही. ते आले तेव्हा दिल्लीत काय चालले होते? ऐंशी ओलांडलेले मोरारजी, पंच्याहत्तरीचे चरणसिंग आणि सत्तरीचे जगजीवनराम पंतप्रधानपदाभोवती एकमेकांना रेटत होते. जूनमध्ये चरणसिंग आणि राजनारायण मंत्रिमंडळातून बाहेर पडले. अशा वेळी पक्षाचा सरचिटणीस जाहीरपणे म्हणतो की साठी उलटलेल्यांनी सत्तेची पदे सोडावीत, तर त्याचा नेम कोणावर आहे हे वाचायला दुर्बीण लागत नाही. नानाजींचा जन्म 11 ऑक्टोबर 1916चा. स्वतः ते एकसष्टीत होते आणि नियम आधी स्वतःला लावून मोकळे झाले. त्याने निवेदनाला नैतिक वजन आले हे खरेच. पण म्हणून ते राजकीय उरले नाही, असे होत नाही. वाया चाललेल्या सरकारातला तो राजकीय डाव होता, आणि तो वाया गेला, कारण वर बसलेल्या तिघांपैकी कोणी हलले नाही. फसलेल्या डावाला पुढे आपण वैराग्य म्हणू लागलो.

त्यानंतर ते गेले कुठे, हेही पाहावे. बलरामपूर तेव्हा गोंडा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो 1997 साली. म्हणजे ज्या जिल्ह्याने मते दिली, त्याच जिल्ह्यात त्यांनी जयप्रभाग्राम उभे केले. बांबूच्या नळ्यांनी स्वस्तात कूपनलिका बसवण्याचे काम तिथलेच. मतदारसंघ सोडून अरण्यात गेलेल्याची ही गोष्ट नाही; निवडून आलेला माणूस लोकांत परत गेला, एवढीच आहे. पुढे चित्रकूटला ग्रामोदय विद्यापीठ झाले, ते 1991मध्ये मध्य प्रदेशच्या विधानसभेने कायदा केला म्हणून. त्या वेळी भोपाळला सुंदरलाल पटवांचे, म्हणजे नानाजींच्याच परिवारातल्या पक्षाचे सरकार होते. यात गैर काही नाही. इतकेच की समाजकारणाच्या या सर्वांत मोठ्या उदाहरणालाही विधानसभेचे दार ठोठावावे लागले, आणि ते उघडले कारण ठोठावणाऱ्याला आत ओळखत होते. 1999मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून ते राज्यसभेत गेले, तेव्हा काहींनी साठीच्या नियमाची आठवण करून दिली असेल. मला त्यात विसंगती दिसत नाही, कारण त्यांनी राजकारण सोडले होते हेच मला मान्य नाही. निवडणूक आणि पक्षाचे पद सोडले होते.

यावर आक्षेप येईल की हेतूंची अशी चिरफाड करून एका निर्लोभ माणसाचे मोठेपण कमी का करायचे. कमी होत नाही. देहदानापर्यंत ज्याने स्वतःचे म्हणून काही ठेवले नाही, त्याच्या निःस्पृहतेवर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्या नावाने काय खपवले जाते याचा आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चळवळीतली माणसे सत्तेत गेली की बाटतात, मग बाहेर राहिलेले काय वाईट? दक्षिण कोरियाचे उदाहरण यासाठी हल्ली दिले जाते. ऐंशीच्या दशकात लष्करशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरलेले तिथले विद्यार्थी पुढे संसदेत जाऊन बसले, आणि आज त्यांच्यावरच प्रस्थापित झाल्याचा ठपका आहे. आरोप अगदीच खोटा नसेल. पण त्याच देशात किम दे-जुंग यांनी डिसेंबर 1992च्या पराभवानंतर राजकारणनिवृत्ती जाहीर केली, 1995मध्ये नवा पक्ष काढून परतले आणि 1997ची निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले. शब्द मोडला म्हणून टीका झालीच. मात्र ज्या माणसाला लष्करी राजवटीने 1980 साली फाशीची शिक्षा सुनावली होती, तो घरी बसला असता तर त्यात लोकांचे काय भले होते? बाटण्याची भीती खरी आहे, पण निवडून आलेला बाटला तर पाच वर्षांनी त्याला पाडता येते. ट्रस्ट बाटला तर मतदाराने कुठे जावे?

तिसरा आक्षेप इथलाच, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: गोंड्यात विहिरी झाल्या, शेते भिजली, तसे इथेही सरकारची वाट न पाहता करता येईल. येणार नाही, आणि त्याला कारण जमिनीचे आहे. गोंडा शरयू-घाघरेच्या गाळाच्या मैदानात आहे; तिथे पाणी वरच लागते आणि बांबूची नळीसुद्धा टिकते. हिंगोली काळ्या कातळावर बसली आहे. इथे बोअर कातळ फोडतच खाली न्यावा लागतो, आणि तरी उन्हाळ्यात तो फुसकाच निघण्याची भीती. वसमतच्या पट्ट्यात ऊस आणि हळद उभी राहिली ती पूर्णेवरच्या येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यामुळे, आणि ते कालवे कोणा सेवाभावी संस्थेने खोदले नाहीत. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागली, भूसंपादन लागले, विधिमंडळात भांडणारी माणसे लागली. सेनगाव-औंढ्याच्या माळावर ते पाणी नाही, हा सिंचनाचा अनुशेष आहे, आणि अनुशेष टँकर भरून निघत नाही. गोविंदभाई श्रॉफ हे ओळखून होते. सत्तेचे पद न घेता त्यांनी मराठवाडा जनता विकास परिषद चालवली, रेल्वे रुंदीकरणापासून विकास मंडळापर्यंत सरकारला सळो की पळो केले, पण आपण करतो ते राजकारण नव्हे, असा आव कधी आणला नाही.

घटनेच्या 371(2) कलमाखाली 1994 साली मराठवाड्याला वैधानिक विकास मंडळ मिळाले. त्याची मुदत 30 एप्रिल 2020ला संपली. ती संपू नये यासाठी विधानभवनात आवाज चढवणे हे काम वीस टक्क्यांत मोडते, म्हणून की काय, शिबिरे आणि रुग्णवाहिकांची उद्घाटने करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते अंगावर घेतले. पुढच्या फलकावर ‘सामाजिक कार्यकर्ते’ ही अक्षरे दिसली, की फोटोतल्या गृहस्थांना या मंडळाबद्दल एवढे जरूर विचारावे की त्यासाठी त्यांनी कधी, कोणाकडे आणि किती वेळा भांडण केले.