नावेच्या तळाचे ओझे

ओझे म्हटले की ते खाली उतरवून ठेवण्याचा विचारच माणसाच्या मनात प्रथम येतो. कर्जाचे ओझे, संसाराचे ओझे, उपकाराचे ओझे. आपल्या बोलण्यात हा शब्द बहुधा तक्रारीच्या सुरातच येतो. परंतु पाण्यावर पोट असणाऱ्या माणसांनी ओझ्याचा एक निराळा अर्थ फार पूर्वी ओळखला होता. रिकामे गलबत वाऱ्यापुढे टिकत नाही, ते कलंडते. म्हणून माल नसला की त्याच्या तळाशी दगड किंवा वाळू भरीत. या वजनाला नीरम असे नाव आहे. ते दगड कोठे विकायचे नसत, त्यांचे मोलही कोणी करीत नसे. गलबत सरळ उभे ठेवणे एवढेच त्यांचे काम. ओझ्यावाचून नाव उलटते आणि ओझ्यानेच ती बुडतेही. मग तारणारे ओझे कोणते आणि बुडवणारे कोणते? आणि ते ठरवायचे कोणी व केव्हा? हा प्रश्न केवळ नावाड्यांचा आहे, असे आम्हांला वाटत नाही.

नीरम पूर्वी दगडांचे होते, ते पुढे पाण्याचे झाले. आता तर ते खेळातही आले आहे. वेकबोर्डिंग नावाच्या खेळात वेगवान नौकेच्या मागे दोर धरून, पायांना फळी बांधून माणूस पाण्यावरून घसरत जातो आणि नौकेने उठविलेल्या लाटेवरून उड्या घेतो. लाट मोठी हवी, तर नौका पाण्यात खोल बसली पाहिजे. त्यासाठी नौकेतील टाक्यांत किंवा जाड पिशव्यांत पंपाने पाणी भरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चारशे लिटरची एक पिशवी भरली की सहा माणसे नौकेत येऊन बसल्यासारखेच होते. पण ही सहा माणसे डोळ्यांना दिसत नाहीत. नौकेला किती भार सोसेल हे बनविणाऱ्याने ठरविलेले असते. त्या हिशेबात पाणीही धरावे लागते आणि माणसेही. पाणी धरायचे विसरून माणसे तेवढीच बसविली, तर एखादी उलटी लाट आत शिरायला पुरेशी होते.

या खेळातील जाणकार तीन गोष्टी सांभाळतात. वजन शक्य तितके खाली असावे, ते दोन्ही बाजूंना सारखे वाटलेले असावे आणि ते हलता कामा नये. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक ठरू शकते; कारण नौका ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला आतले पाणी धावते आणि कलणे वाढविते. अर्धवट पत्करलेल्या जबाबदारीचेही असेच होते. जी पूर्ण घेतली ती माणसाला स्थिर करते. जी मनात नसता नावापुरती घेतली, ती संकटाच्या वेळी नेमकी पडत्या बाजूला सरकते.

ओझे कोठे आहे याला किती महत्त्व असते, ते स्वीडनच्या वासा या जहाजाच्या कथेवरून दिसते. राजा गुस्ताव अडॉल्फच्या आज्ञेने बांधलेली ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून निघाली आणि सुमारे तेराशे मीटर अंतर कापताच उलटून बुडाली. तोफांचे दोन मजले वर आणि तळाशी दगडांचे नीरम अपुरे. ते वाढवावे, तर खालच्या तोफांची दारे पाण्याच्या फार जवळ येत होती. म्हणजे चूक तळाच्या दगडांत नव्हती, वर चढविलेल्या वैभवात होती. याहून बोचणारी गोष्ट दुसरीच आहे. निघण्यापूर्वी तीस खलाशांना जहाजावर या बाजूकडून त्या बाजूकडे धावायला लावून परीक्षा घेण्यात आली होती. जहाज इतके डोलू लागले, की ती परीक्षाच थांबवावी लागली. जहाज मात्र थांबविले गेले नाही. पुढे चौकशी झाली, पण दोषी कोणीही ठरले नाही. ज्यांना कळले होते ते बोलले नाहीत, आणि न बोलण्याला शिक्षा नसते.

ओझे किती, हा प्रश्न इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल या संसद सदस्याने धसास लावला. विम्याच्या भरवशावर काही मालक जहाजांत बेसुमार माल भरीत. जहाज बुडाले तरी त्यांची हानी होत नसे, मरत ते खलाशी. प्लिमसॉलच्या खटपटीने १८७६ साली कायदा झाला आणि जहाजाच्या बाहेरील अंगावर भाराची रेषा काढणे सक्तीचे झाले. परंतु ती रेषा कोठे काढायची हे मालकावरच सोपविलेले होते! ती जागा कायद्याने बांधली जायला १८९० साल उजाडले. ज्याला भाराचा लाभ होतो, त्याच्याच हाती मर्यादा ठरविणे दिले, तर ती रेषा केवळ रंगाची राहते.

येथवर आमचा प्रश्न सोपा होता, कारण लोभी आणि पीडित यांच्यात निवड करणे कठीण नसते. कठीण प्रश्न आमच्या सांगली जिल्ह्यातच उभा राहिला. कडेगाव तालुका दुष्काळी पट्ट्यातला. तेथून वाहणारी येरळा वर्षाचा बराच काळ कोरडी असते. नावेचा विचार तिच्या काठी कोणाच्या मनात यावा? हीच येरळा पुढे पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे कृष्णेला मिळते. २०१९ च्या महापुरात, गुरुवार ८ ऑगस्ट रोजी, ब्रह्मनाळला पुरात अडकलेल्या माणसांना घेऊन निघालेली बोट उलटली. तिच्यात क्षमतेहून अधिक माणसे होती. स्त्रिया आणि लहान मुलेही त्यात बुडाली.

येथे लोभी कोणी नव्हता. बोटीत चढणारी आई लेकराला वाचवू पाहत होती आणि तिला हात देणारा दयेनेच हात देत होता. अशा वेळी, ‘आता पुरे, पुढच्या फेरीला या,’ असे म्हणणारी जीभ कोणाची असेल? आणि तसे न म्हणता सर्वांनाच घेणारी दया ही दया म्हणावी काय?

काही जण म्हणतील, मर्यादा पाळणे हाच धर्म. मोजणी करून बाकीच्यांना थांबविणेच योग्य. हे खरे आहे, पण अपुरे आहे. पुढची फेरी येणार हे ज्याला ठाऊक आहे, तोच काठावर थांबू शकतो. ती येईल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाला थांबायला सांगणे म्हणजे आपल्या हिशेबाचा भार त्याच्या प्राणांवर टाकणे होय. म्हणून पुराच्या घटकेला मर्यादा पाळता यावी, असे वाटत असेल, तर नदी कोरडी असतानाच दुसरी बोट, अंगात घालायची जाकिटे आणि बोट हाकणारी शिकलेली माणसे तयार हवीत. बुडत्या काठावरच्या भल्या माणसाला जो दोष आपण देऊ पाहतो, त्यातील मोठा वाटा उन्हाळ्यात स्वस्थ बसलेल्या आपणा सर्वांचा असतो.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील संत पौलाचा जलप्रवास वाचकांना ठाऊकच आहे. वादळात त्या लोकांनी आधी माल टाकला, मग जहाजाचे सामान, शेवटी धान्यही समुद्रात लोटले. जहाज मोडले, परंतु दोनशे शहात्तर माणसांपैकी एकही दगावला नाही. काय टाकायचे याचा क्रम तेथे चुकला नाही.

आपल्या घरांतही हा क्रम तपासून पाहावा, असे आम्हांला वाटते. प्रत्येक घरात कोणीतरी एक नीरम होऊन राहिलेले असते: वडील वारल्यावर धाकट्यांना वाढविणारी थोरली बहीण, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे करणारी सून, शिक्षण सोडून नोकरी धरलेला भाऊ. त्यांच्यामुळे घर उभे असते आणि तळाशी असल्यामुळे ती दिसत नाहीत. न दिसणाऱ्या वजनाची मोजणी होत नाही, आणि जो तक्रार करीत नाही त्याच्यावरच पुढचा भार टाकला जातो. आपण त्याला ‘सोशिक’ म्हणतो. हा शब्द गौरवाचा खरा. पण पुष्कळदा तो मालकाने स्वतःच्या हाताने काढलेल्या रेषेसारखा असतो. त्या सोशिक माणसाला किती सोसते, हे आपण त्याला विचारलेलेच नसते.

दुसऱ्यासाठी भार घेणे ही माणसाची थोरवी आहे. तो टाळणारे आयुष्य रिकाम्या गलबतासारखे वाऱ्यावर जाते. परंतु स्वतः घेतलेले ओझे आणि दुसऱ्यावर लादलेले ओझे यांची नावे एक असली, तरी त्यांचे पुण्य एक नसते. तेव्हा लग्नाचा थाट, घराचा नवा मजला, प्रतिष्ठेचा खर्च असे काही वर चढविण्यापूर्वी तळाशी कोण आहे ते पाहावे आणि त्याला विचारावे. वादळ येईपर्यंत थांबू नये. नदीला पाणी नसते तेव्हाच हे विचारायला सवड असते.