मोजणाऱ्याचे माप

सोलापूर म्हटले की चादर आठवते. पण याच गावात मोटारींचे कॅमशाफ्टही घडतात, आणि असल्या कामात हिशेब चालतो तो मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. आता पुष्कळ ठिकाणी असली मापे यंत्रावरचा कॅमेरा घेतो.

एखादे दिवशी हा कॅमेरा चांगला मालही नापास करू लागतो. दोष मालाचा की डोळ्याचा? जाणता कारागीर आधी भिंग पुसतो, दिवा पाहतो, खोलीची उष्णता पाहतो; कारण प्रमाण माप 20 अंशांचे, आणि 100 मिलिमीटर पोलाद 40 अंशांच्या उन्हाळ्यात सुमारे 23 मायक्रॉन वाढते. मग तो काचेची प्रमाणपट्टी मोजतो, आणि तीच उलटी फिरवून पुन्हा मोजतो. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टीची. जागीच राहिली तर यंत्राची.

माणसांना जोखताना आपण एवढे करतो काय? नोकर बदलला, शेजारी बदलला, थोरलीनंतर धाकटी सून आली, तरी तक्रार तीच असेल, तर चूक कोठे मुक्कामाला आहे हे उघड आहे. म्हणून निवाडाच करू नये असे नव्हे. कॅमेरा काढून टाकल्याने माल सुधारत नाही. पण भिंगावरची धूळ भिंगाला मालावरच दिसते. ती दाखवायला बाहेरची पट्टी लागते, आणि घरात ती पट्टी बहुधा आपल्याला न आवडणाऱ्या माणसाच्या हाती असते.